सगळे अहवाल नॉर्मल, तरी मूल का होत नाही?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: माझे वय ३३, पतीचे ३६. अडीच वर्षांपासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करत आहोत. माझी पाळी नियमित आहे. सोनोग्राफी, संप्रेरकांच्या तपासण्या आणि गर्भनलिकांचा एक्स-रे हे सगळे ठीक आले. पतीची वीर्यतपासणी एकदा झाली, तीही नॉर्मल. डॉक्टरांनी फाइलवर 'कारण अज्ञात' असे लिहिले आणि आययूआयचा (निवडक शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचा) सल्ला दिला. कारणच ठाऊक नसेल तर उपचार कशावर करायचे? विज्ञान एवढे पुढे गेले तरी आमचे कारण का सापडत नाही? इंटरनेटवर आणखी डझनभर तपासण्या दिसतात, त्या करून घ्याव्यात का? मी पूर्वी काही वर्षे गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या होत्या आणि नोकरीत ताणही खूप असतो, त्यातून हे झाले असेल का? वंध्यत्वाच्या जनुकीय कारणांवर संशोधन करणाऱ्या एका गटाने आम्हा दोघांचे रक्ताचे व इतर नमुने मागितले आहेत. पती म्हणतात, "माझा रिपोर्ट नॉर्मल आहे, मी कशाला देऊ?" आम्ही काय करावे?

सप्रेम नमस्कार,

'कारण अज्ञात' या शेऱ्याचा अर्थ तुम्हा दोघांपैकी कुणातच काही अडचण नाही असा होत नाही, आणि अडचण इतकी गूढ आहे की ती कधीच कळणार नाही असाही होत नाही. दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडते का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का आणि वीर्यात पुरेसे हालचाल करणारे शुक्राणू आहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरे तुमच्या बाबतीत समाधानकारक आली, एवढाच त्याचा अर्थ आहे. वर्षभर नियमित प्रयत्न करूनही गर्भधारणा न होणे ही जागतिक आरोग्य संघटनेची वंध्यत्वाची व्याख्या आहे. तिच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी हा अनुभव येतो. तपासणीसाठी आलेल्या जोडप्यांपैकी सुमारे १५ ते ३० टक्के जोडप्यांना शेवटी तुम्हाला मिळाला तोच शेरा मिळतो. त्यामुळे तुमची फाइल अपवादात्मक आहे असे मनात आणू नका.

आता या तीन प्रश्नांच्या पलीकडे काय काय घडावे लागते ते पाहा. शुक्राणूला गर्भाशयाच्या मुखातील स्रावातून वाट काढत नलिकेपर्यंत पोहोचायचे असते. तिथे त्याच्यात रासायनिक बदल होऊन त्याच्या शेपटीचे साधे हेलकावे थांबतात आणि जोरदार फटकारे सुरू होतात. मग त्याने स्त्रीबीजाभोवतीचे कवच भेदायचे आणि बीजाच्या आवरणाशी एकरूप व्हायचे. स्त्रीबीजाने त्याच क्षणी आपल्या गुणसूत्रांची अर्धवट राहिलेली विभागणी बिनचूक पुरी करायची. त्यानंतर गर्भाने पाच-सहा दिवस योग्य गतीने विभागत राहायचे, आणि नेमक्या तयार झालेल्या अस्तरात रुजायचे. यातला एकही टप्पा नेहमीच्या तपासण्यांत दिसत नाही. अडथळा तिथे असेल तर तुमचे अहवाल आज आहेत तसेच नॉर्मल येणार.

संशोधकांना हे टप्पे इतके उशिरा का कळू लागले, याची कारणे विषयातच आहेत. मानवी फलन शरीराच्या आत, कुणालाही न दिसता होते. अभ्यासासाठी मानवी स्त्रीबीजे मिळणे अवघड असते, आणि ती मिळवण्याच्या व वापरण्याच्या नैतिक मर्यादा कडक आहेत, त्या असायलाही हव्यात. म्हणून बरेचसे ज्ञान उंदरांवरून आले, आणि उंदरात खरे ठरलेले माणसात तसेच असेल याची हमी नसते. दुसरी अडचण अशी की ज्या जनुकीय दोषामुळे मूलच होत नाही, तो दोष पुढच्या पिढ्यांत सहसा पसरत नाही. परिणामी असा प्रत्येक दोष दुर्मीळ राहतो, एकाच दोषाची शंभर कुटुंबे एका जागी सापडत नाहीत आणि शेकडो जनुकांत विखुरलेली कारणे एकेक करून शोधावी लागतात. तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. हा बहुधा एकमेव आजार असा आहे जो दोन व्यक्तींना मिळून होतो. किंचित मंद शुक्राणू आणि किंचित कडक कवचाचे स्त्रीबीज हे दोन्ही वेगळ्या जोडीदारासोबत कदाचित निभावून गेले असते. एकत्र आल्यावर मात्र ते निभावत नाहीत. अशा वेळी एकट्याची कितीही तपासणी केली तरी 'दोष' हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२१ स्त्रियांनी रोज मूत्राचे नमुने जमा केले आणि त्यांतील गर्भधारणेचे संप्रेरक अतिशय सूक्ष्म पातळीवर मोजले गेले. सुरू झालेल्या गर्भधारणांपैकी २२ टक्के इतक्या लवकर संपल्या होत्या की एरवी त्या लक्षातही आल्या नसत्या. या बहुतेक स्त्रिया प्रजननक्षम होत्या, हे विशेष. म्हणजे 'गर्भधारणाच होत नाही' असे आपण ज्याला म्हणतो, त्यात सुरू होऊन दोन-चार दिवसांत थांबलेल्या गर्भधारणाही मिसळलेल्या असतात, आणि या दोहोंची कारणे अगदी वेगळी असतात.

तरीही गेल्या वीस वर्षांत या अंधारातले बरेच काही उजेडात आले आहे. २००५ मध्ये जपानमधील संशोधकांना शुक्राणूच्या पृष्ठभागावर एक प्रथिन सापडले. विवाहाशी जोडल्या गेलेल्या तिथल्या एका देवस्थानावरून त्यांनी त्याला 'इझुमो' हे नाव दिले. हे प्रथिन नसलेल्या नर उंदरांचे शुक्राणू दिसायला आणि पोहायला अगदी व्यवस्थित होते, बीजाच्या कवचातूनही ते आत जात होते, पण बीजाशी एकरूप होऊ शकत नव्हते. स्त्रीबीजावरचा त्याचा जोडीदार सापडायला आणखी नऊ वर्षे गेली. २०१४ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी तो शोधून त्याला रोमन देवतेवरून 'जुनो' हे नाव दिले. म्हणजे शुक्राणू आणि स्त्रीबीज एकमेकांना नेमके कशाने धरतात, या मूलभूत प्रश्नाचे उत्तर मिळून अजून फार वर्षे झालेली नाहीत. पहिले परीक्षानळी-बाळ जन्मले ते १९७८ मध्ये. उपचार आधी आले आणि कारणमीमांसा मागाहून चालत राहिली, हा क्रम पाहिला की तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

तुमच्या पतींनी वाचावे असे उदाहरण यापुढचे आहे. शुक्राणूच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारी एक वाहिनी असते, तिला 'कॅटस्पर' म्हणतात. तिचा शोध २००१ मधला. मघाशी सांगितलेले जोरदार फटकारे याच वाहिनीमुळे सुरू होतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे काही पुरुष आढळले की ज्यांची वीर्यतपासणी नॉर्मल होती, ज्यांच्या बाबतीत वंध्यत्वाचे कारण सापडलेले नव्हते, पण ज्यांच्या शुक्राणूंतील ही वाहिनी काम करत नव्हती. अशा पुरुषांच्या शुक्राणूंकडून नैसर्गिक फलन होत नाही, आययूआय आणि साध्या आयव्हीएफनेही (बीज व शुक्राणू शरीराबाहेर एकत्र ठेवून केलेल्या फलनानेही) ते साधत नाही, शुक्राणू थेट बीजात टोचण्याच्या इक्सी पद्धतीने मात्र होऊ शकते. असे पुरुष फार नाहीत, आणि तुमचे पती त्यांतले आहेत असे मी सुचवत नाही. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार मोजला जातो, त्यांची कामगिरी मोजली जात नाही, हे मात्र या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

शिवाय त्या अहवालावर छापलेल्या मर्यादा कुठून आल्या हेही समजून घेण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल अशा खालच्या मर्यादा दिल्या आहेत. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांचे आकडे चढत्या क्रमाने लावून तळाचे पाच टक्के जिथे संपतात तिथे ही रेघ ओढलेली आहे. म्हणजे रेघेच्या खाली असूनही बाप झालेले पुरुष आहेत आणि रेघेच्या वर असूनही अडलेले आहेत. त्यातच एकाच पुरुषाचे आकडे दोन नमुन्यांत बरेच वेगळे येऊ शकतात, आणि शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागत असल्याने आजच्या नमुन्यात अडीच महिन्यांपूर्वीच्या तापाचा परिणामही दिसू शकतो. एका अहवालावर कायमचा निर्वाळा देऊ नये. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो, तरीही तपासण्यांचे बहुतेक ओझे स्त्रीवर पडते. याला वैज्ञानिक आधार काहीही नाही, ही केवळ सवय आहे, आणि ती सोडायला हवी.

स्त्रीबीजाच्या बाजूनेही अशीच कारणे सापडत आहेत. २०१६ मध्ये चीनमधील संशोधकांनी ज्या स्त्रियांची बीजे पक्व होण्याआधीच थांबतात अशा २४ कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतील ७ कुटुंबांत एकाच जनुकात बिघाड आढळला. गुणसूत्रे ओढून वेगळी करणारे तंतू ज्या प्रथिनाने बनतात, त्याचे हे जनुक आहे. या स्त्रियांची पाळी नियमित असू शकते, सोनोग्राफीत बीजपुटिका वाढताना दिसतात, आणि दोष फक्त बीज बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळतो. २०२१ मध्ये सुमारे दोन लाख स्त्रियांच्या जनुकीय माहितीवरून रजोनिवृत्तीच्या वयाशी संबंधित २९० जागा गुणसूत्रांवर निश्चित झाल्या. त्यांतल्या कितीतरी डीएनएच्या दुरुस्तीशी निगडित आहेत. मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या बीजकोशात दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात, आणि उरलेली प्रत्येक पेशी दशकानुदशके आपला डीएनए सांभाळत थांबलेली असते. वय वाढते तसे गुणसूत्रांच्या विभागणीत चुका का वाढतात, याचा शोध आता या दिशेने चालला आहे. ३३ हे वय घाबरण्याचे नाही, पण पस्तिशीनंतर उतार वेगाने लागतो, आणि माझ्या सल्ल्यात हा मुद्दा पुढे येणार आहे.

गोळ्या आणि ताण यांबाबत मी थोडक्यातच लिहितो, कारण उत्तर सरळ आहे. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यानंतर वर्षभरात गर्भ राहण्याचे प्रमाण इतर स्त्रियांइतकेच असते. अडीच वर्षांनंतर त्यांना दोष देता येत नाही. ताणाविषयी म्हणाल तर २०११ मध्ये १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, आणि आयव्हीएफपूर्वीच्या मानसिक ताणाचा त्या उपचाराच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. ताण कमी व्हावा तो तुम्हाला बरे वाटावे म्हणून. "डोक्यातून विचार काढा, आपोआप होईल" असे सांगणाऱ्यांकडे पुरावा नाही आणि त्यांचे मनावर घेण्याचेही कारण नाही.

बाहेरून येणारी खरी कारणे मात्र आहेत, आणि त्यांची चौकशी तुमच्या दोघांकडे झाली का, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कीटकनाशकाच्या कारखान्यातील कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यातून असे लक्षात आले की त्यांच्यापैकी अनेकांना मुले होत नाहीत. तपासणी केल्यावर डीबीसीपी नावाच्या रसायनाच्या दीर्घ संपर्कात आलेल्यांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य आढळले. हा शोध प्रयोगशाळेत लागला नाही, तो कामगारांनी एकमेकांना विचारलेल्या प्रश्नातून लागला. म्हणून कामाच्या ठिकाणची रसायने, शिसे, भट्टीसारखी तीव्र उष्णता, धूम्रपान, आणि विशेषतः शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनसारखी औषधे यांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ही औषधे बाहेरून घेतली की शरीर स्वतःची शुक्राणूनिर्मिती बंद करू लागते, हे घेणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊकच नसते. शुक्राणूंची सरासरी संख्या १९७३ पासून सुमारे निम्म्याने घटली, असा निष्कर्ष काढणारी मोठी विश्लेषणे २०१७ मध्ये पाश्चात्त्य देशांबाबत आणि २०२२ मध्ये जगभराबाबत आली आणि त्यांवर अजून वाद चालू आहे. पण ती सरासरी तुमच्या पतींच्या अहवालाविषयी काहीच सांगत नाही, म्हणून तिकडे लक्ष देऊ नका.

आता इंटरनेटवरच्या डझनभर तपासण्यांकडे वळू. प्रत्येक तपासणीपूर्वी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे: याचे उत्तर काहीही आले तरी उपचारात काय बदल होणार? बदल होणार नसेल तर ती तपासणी तुमची उत्सुकता शमवील, मूल व्हायला मदत करणार नाही. बीजसाठा दाखवणाऱ्या एएमएच तपासणीचे उदाहरण घ्या. उपचारात औषधाची मात्रा ठरवायला ती उपयोगी पडते. पण ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांच्या २०१७ मधील अभ्यासात कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिक गर्भ राहण्याची शक्यता कमी आढळली नाही. साठा मोजता येतो, गुणवत्ता मोजता येत नाही. गर्भाशयाचे अस्तर केव्हा 'ग्रहणशील' असते हे जनुकांवरून सांगणारी तपासणी बरीच लोकप्रिय झाली होती. २०२२ मध्ये तिची रीतसर चाचणी झाली तेव्हा तिच्या आधारे गर्भ रोपण केल्याने बाळ होण्याचे प्रमाण वाढले नाही. अस्तर मुद्दाम खरवडल्यास गर्भ चांगला रुजतो, ही कल्पनाही अशीच पसरली. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांच्या चाचणीत खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या दोन्ही गटांत बाळ होण्याचे प्रमाण अगदी सारखे, २६.१ टक्के निघाले. पुरुषांना सर्रास दिल्या जाणाऱ्या झिंक व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचीही गत वेगळी नाही. २०२० मध्ये २,३७० जोडप्यांवर झालेल्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही. स्त्रीने गर्भधारणेपूर्वी फॉलिक आम्ल घ्यावे ते बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी. त्याची गोष्ट वेगळी आहे, ते तुम्ही चालू ठेवा.

हे सगळे निष्कर्ष निराश करणारे वाटतील, पण मला ते या क्षेत्रातील संशोधनाचे मोठे काम वाटते. नव्या कारणाचा शोध बातमी होतो. जे कारण नव्हतेच ते बाद ठरवणाऱ्या चाचणीची बातमी होत नाही, पण त्या चाचणीमुळे हजारो स्त्रियांची एक निरुपयोगी आणि वेदनादायक प्रक्रिया टळते.

काही तपासण्या मात्र तुमच्या बाबतीत विचारात घेण्यासारख्या आहेत. वीर्यतपासणी दोन-तीन महिन्यांच्या अंतराने एकदा पुन्हा करावी. पतींची प्रत्यक्ष शारीरिक तपासणीही व्हायला हवी, कारण अंडकोशाभोवतीच्या फुगलेल्या शिरा कागदावर दिसत नाहीत. तुम्हाला पाळीत कामावर जाता येऊ नये इतके दुखत असेल किंवा संबंधांच्या वेळी खोलवर दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) शंका घ्यायला हवी. प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि त्याचे सौम्य डाग साध्या सोनोग्राफीत निसटू शकतात. पत्रात तुम्ही वेदनेविषयी काहीच लिहिलेले नाही. वेदना नसेल तर केवळ शोध म्हणून दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून घेण्याची घाई करू नका. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची तपासणी बहुधा झालीच असेल, नसेल तर तीही करून घ्यावी.

कारण माहीत नसताना उपचार कसा करायचा, हा तुमचा प्रश्न तर्काला धरून आहे, पण वैद्यकशास्त्र नेहमी त्या क्रमाने चालत नाही. न्यूझीलंडमध्ये तुमच्यासारख्याच, कारण न सापडलेल्या २०१ स्त्रियांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची आपोआप गर्भ राहण्याची शक्यता कमी आहे, हे आधीच ठरवलेले होते. बीजवाढीच्या गोळ्यांसह आययूआयच्या तीन आवर्तनांनंतर उपचाराच्या गटात ३१ टक्के स्त्रियांना बाळ झाले, आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत ९ टक्के. आययूआयने नेमका कोणता अडथळा दूर केला हे त्या ३१ टक्क्यांपैकी एकीलाही सांगता आले नसते. नेदरलँड्समध्ये २०१७ मध्ये १,११९ स्त्रियांवर याहून मजेशीर चाचणी झाली. नलिकांच्या एक्स-रेसाठी पाण्यावर आधारित द्रवाऐवजी तेलाधारित द्रव वापरला तर पुढील सहा महिन्यांत गर्भधारणेचे प्रमाण २९.१ वरून ३९.७ टक्क्यांवर गेले. हे का होते यावर संशोधकांचे तर्क आहेत, एकमत नाही. त्या द्रवात आयोडीन बरेच असल्याने थायरॉइडवर लक्ष ठेवावे लागते, हे मात्र निश्चित.

म्हणून माझा सल्ला असा की तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला आययूआय कारणाच्या शोधासाठी लांबणीवर टाकू नका. युरोपातील मानवी प्रजनन संस्थेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही कारण न सापडलेल्या जोडप्यांसाठी बीजवाढीच्या औषधासह आययूआय हाच पहिला उपचार सांगतात. सुरू करण्यापूर्वी किती आवर्तने करायची आणि त्यानंतर पुढचे पाऊल कोणते, हे डॉक्टरांशी ठरवून घ्या, नाहीतर 'आणखी एकदा बघू' म्हणत वर्ष निघून जाते, आणि पस्तिशी जवळ असताना ते परवडत नाही. तीन ते चार आवर्तनांत यश आले नाही तर आयव्हीएफचा विचार करावा, आणि त्यात तपासणीचा एक मोठा फायदाही आहे. बीजे पक्व होतात का, फलन होते का, गर्भ पाचव्या दिवसापर्यंत वाढतो का, हे सगळे तेव्हा प्रथमच डोळ्यांना दिसते. फलन अजिबात झाले नाही तर तो अपयशाचा दिवस असतो खरा, पण अडथळा नेमका कोणत्या टप्प्यावर आहे याचा सर्वांत मोठा धागाही त्याच दिवशी हाती लागतो, आणि पुढच्या वेळी इक्सीचा निर्णय साधार घेता येतो.

राहिला संशोधन गटाचा प्रश्न. सहभागी होण्याला माझा पाठिंबा आहे, पण अपेक्षा नीट ठेवूनच. अशा अभ्यासातून तुम्हाला तुमचे उत्तर मिळण्याची शक्यता कमी, आणि उपचाराच्या वेळेत मिळण्याची त्याहून कमी. जनुकीय तपासणीत 'बदल दिसतो, पण त्याचा अर्थ लागत नाही' असा निष्कर्ष बऱ्याचदा येतो, आणि तो हाती घेऊन बसणे काही जणांना 'अज्ञात'पेक्षाही जड जाते. तुम्ही दोघे त्यांतले आहात का, याचा विचार आधी करा.

पतींनी नमुना का द्यावा याचे उत्तर वर येऊन गेले आहे. ज्यांचे अहवाल नॉर्मल आहेत असे पुरुष अभ्यासात आले नसते तर नॉर्मल अहवालामागे कॅटस्परचा तो दोष दडलेला असू शकतो हे कळलेच नसते. शुक्राणू नसलेल्या पुरुषांवर संशोधन तुलनेने जुने आहे. य गुणसूत्राच्या तुटलेल्या भागाशी त्याचा संबंध १९७६ मध्येच दाखवला गेला होता. नॉर्मल अहवालांच्या मागचे प्रश्न मात्र पुष्कळसे अनुत्तरित आहेत, आणि एकट्या स्त्रीच्या नमुन्यातून जोडप्याच्या आजाराचा अभ्यास होणार नाही. हे त्यांना समजावून सांगा, पण नमुना देणे त्यांच्या इच्छेवर सोडा. घरातल्या आग्रहाखाली दिलेली संमती ही खरी संमती नसते.

सही करण्यापूर्वी संमतीपत्र घरी आणून दोघांनी वाचावे. अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता आहे का, नमुन्यांवरची नावे काढून संकेतांक दिले जातात का, जनुकीय माहिती आणखी कुणाला दिली जाईल, आणि मध्येच बाहेर पडल्यास नमुने नष्ट होतील का, हे त्यात लिहिलेले असायला हवे. कर्करोगाचा धोका वाढवणारा एखादा बदल योगायोगाने सापडला तर तो तुम्हाला कळवला जावा की नाही, हेही आधीच ठरवा, कारण ती माहिती तुमच्या भावंडांशीही संबंधित असते. सहभागासाठी तुमच्याकडून पैसे मागितले जात असतील तर ते संशोधन आहे की तपासणीची विक्री, याची चौकशी केल्याखेरीज पुढे जाऊ नका. तुमचा आययूआय आणि हा अभ्यास एकमेकांवर अवलंबून नाहीत. नकार दिल्यास उपचारात काही फरक पडेल असे कुणी सुचवले, तर तेवढ्या एका कारणावरून नकार द्यावा.